वेड्याचे पाप कोणाच्या पदरी?

दिवाळीच्या फराळाबरोबर वेड, भूत आणि फौजदारी कायदा हे तीन पदार्थ वाचकांच्या ताटात वाढणे औचित्याला धरून होईल की काय, अशी शंका मला प्रथम आली. परंतु चकलीच्या शेजारी लिंबाच्या लोणच्याची फोड असतेच. शिवाय हा विषय वाटतो तितका परका नाही. ज्या घरात कधी अंगारा आला नाही, ज्या आळीत कोणाला 'बाहेरचे' झाले नाही, असे घर आणि अशी आळी आमच्या कृष्णाकाठी तरी मी पाहिलेली नाही.

प्रश्न असा की, भान हरपलेल्या माणसाच्या हातून देवाधर्माचा अपराध घडला, तर तो कोणाच्या खाती मांडावयाचा? त्याच्या स्वतःच्या? त्याला झपाटणाऱ्या भुताच्या? ते भूत घालणाऱ्याच्या? की त्याला मोकळे सोडणाऱ्या घरच्या माणसांच्या? सातारा-सांगलीच्या मुलखात हा प्रश्न गेली दोन-अडीचशे वर्षे निरनिराळे पोशाख करून न्यायासनापुढे उभा राहत आला आहे, आणि गंमत अशी की, दर खेपेला आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस वेगळा दिसतो.

सातारा-सांगली असे मी एका दमात म्हणतो, कारण ही दोन घरे एकाच वाड्यातली. सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थाने १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ साली 'दक्षिण सातारा' असा जिल्हा झाला, आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. नदी एक, बोली जवळजवळ एक, देवऋषीही तेच.

आता जुन्या धर्मन्यायाकडे वळू. पेशवाईतले नामांकित न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या कथेत शब्द 'प्रायश्चित्त' असा आहे, 'शिक्षा' असा नाही, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. त्या काळी पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या कचेऱ्या नव्हत्या. गोहत्या, ब्रह्महत्या, अभक्ष्यभक्षण यांचा निवाडा करताना दोषपत्र आणि शुद्धिपत्र यांचा व्यवहार चाले. वाई, कऱ्हाड, माहुली या क्षेत्रांतल्या ब्रह्मवृंदाच्या मताला वजन असे.

मग अशा न्यायापुढे वेडा आला तर? आपले जुने धर्मशास्त्र या बाबतीत पुष्कळच समंजस आहे. याज्ञवल्क्याने अंगावर राख-चिखल फेकण्यासारख्या अपराधांना दंड सांगितले. पण तेच कृत्य भ्रमाच्या किंवा कैफाच्या भरात झाले असेल तर दंड नाही, असेही लगोलग सांगून टाकले. उन्मत्ताने केलेला करार टिकत नाही. उन्मत्ताला वडिलार्जित मिळकतीत वाटा नाही. हे कठोर वाटते खरे, परंतु त्याला आयुष्यभर पोसण्याची जबाबदारी भाऊबंदांवर टाकलेली आहे. प्रायश्चित्तातही रोग्याला सवलत आहे. ही वचने एके ठिकाणी पाहावयाची असतील त्यांनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेने काढलेला 'धर्मकोश' पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचे व्यवहारकांड छापले गेले, आणि ते चाळताना आपले पूर्वज वेड्याकडे किती बारकाईने पाहत होते हे कळून येते. वैद्यकातही तेच. चरकाने उन्मादाचे प्रकार सांगितले, त्यात देव, गंधर्व, पिशाच यांच्यामुळे होणारा उन्मादही घेतला. पण माणूस स्वतःच्या बुद्धीच्या अपराधाने आजारी पडत असता त्याचा बोल देवांना आणि पिशाचांना लावू नये, असा टोलाही त्यानेच हाणला आहे.

शास्त्र पोथीत असते आणि माणूस आळीत. आमच्या लहानपणी आळीत एक बाई होत्या. लहानथोर सारे त्यांना माई म्हणत. ओळीने दोन मुले गेली आणि त्यांचे चित्त फिरले. एका सकाळी त्यांनी देव्हाऱ्यातले टाक, शाळिग्राम, बाळकृष्ण, सगळे ओट्यात घेतले आणि परसातल्या विहिरीत टाकले. केवढा गहजब झाला! सासरे थरथर कापत गावच्या शास्त्रीबोवांकडे गेले. "शास्त्रीबोवा, देव विहिरीत गेले. आता प्रायश्चित्त कोणी घ्यायचं?"

शास्त्रीबोवा पान जुळवीत होते. म्हणाले, "तिनं तर नाहीच. आपण काय करतो आहोत हेच जिला ठाऊक नाही, तिला पाप कसलं? गडी उतरवून देव वर काढा, पंचामृतानं धुवून घ्या. आणि घरी गेल्यावर आधी तिला दोन घास भरवा."

देव वर आले. परंतु आळीचे समाधान झाले नाही. पाप नसेल तर लागीर असले पाहिजे, असे बायकांत ठरले. आणि पुढच्या अमावस्येला माईंना एका देवऋषीकडे नेण्यात आले. तेथे त्यांना बांधले, मिरच्यांची धुरी दिली, छडीने फोडून काढले. परत आल्या तेव्हा त्यांच्या मनगटांवर काळेनिळे वळ होते आणि त्या कोणाशी बोलेनाशा झाल्या. शास्त्राने त्यांना सोडले होते, उपचाराने नाही. पोथीतला समंजसपणा उंबरठ्याबाहेर टिकत नसे, असा याचा अर्थ मी आज लावतो.

याचे एक कारण इतिहासात सापडते. वेडाचे मूळ भुतात, एवढ्यावर आपला समाज थांबला नाही; भुताचे मूळ माणसात, असे त्याने मानले. अमक्याने भूत घातले, तमकीने चेटूक केले. आणि येथे सरकार मध्ये पडले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराजांच्या आणि पेशव्यांच्या रोजनिशीतून निवडलेले उतारे प्रसिद्ध आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांवर प्रस्तावनावजा निबंध लिहिला. त्यात उत्तर पेशवाईतल्या एका चमत्कारिक खात्याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे: चेटूक करणाऱ्यांना आणि भुते घालणाऱ्यांना हुडकून शासन करण्यासाठी सरकारने माणसे नेमली होती, आणि चोऱ्या-खून मोडून काढण्याइतकेच भुतांचे निर्मूलन हेही राज्याचे कर्तव्य समजले जात होते.

आज हसू येते. पण जरा थांबून पाहिले तर या कारभाराची एक भयंकर बाजू दिसते. आजारी माणूस येथे आरोपी नाही, हे ठीक; मात्र तो पुरावा आहे. एखादी सून घुमू लागली, एखादा पोर बरळू लागला, की त्याच्या तोंडून निघालेले नाव म्हणजे साक्ष. ते नाव बहुधा कोणाचे निघत असेल? एकट्या विधवेचे, गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्याचे, बांधावरून भांडण असलेल्या भाऊबंदाचे. भ्रमिष्टाच्या जबानीने केलेला करार ज्या शास्त्राने फोल ठरवला, त्याच शास्त्राचा अभिमान सांगणाऱ्या राज्यात भ्रमिष्टाच्या जबानीने शेजाऱ्याला शासन होत होते.

पेशवाई गेली, १८४८ साली सातारचे राज्यही खालसा झाले. इंग्रज साहेब या बाबतीत फार शहाणा होता असे मात्र कोणी समजू नये. ज्या १८५७ साली हिंदुस्थानात आग भडकली होती, त्याच वर्षीच्या जुलैत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात टॉमस पूली नावाच्या एका गरीब विहीर खोदणाऱ्यावर धर्मनिंदेचा खटला चालला. एका पाद्रीबोवांच्या फाटकावर त्याने ख्रिस्ती धर्माबद्दल काही अभद्र शब्द खडूने लिहिले होते. हा पूली म्हणजे मोठा विलक्षण प्राणी. पृथ्वी ही जिवंत आहे, आणि विहीर फार खोल गेली तर तिला इजा होईल, अशी त्याची समजूत होती. म्हणून तो जपून खोदी. (आमच्याकडे पायाभरणीला भूमिपूजन करणाऱ्याला हे ऐकून तो वेडा वाटणार नाही.) बटाट्यांवर रोग पडला तेव्हा बायबले जाळून त्यांची राख शेतात टाकावी, हा त्याचा उपाय. सरकारी बाजूने वकील होता जॉन ड्यूक कोलरिज, आणि न्यायासनावर होते त्याचे प्रत्यक्ष वडील! एकवीस महिन्यांची कैद झाली. तुरुंगात गेल्यावर तो वेडा असल्याचे दिसून आले, त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि डिसेंबरात त्याला माफी मिळाली. धर्मनिंदा आधी, वेड मागाहून. न्यायाच्या डोळ्यांना हाच क्रम दिसला.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात या खटल्याचा उल्लेख केला. हा ग्रंथ आपल्याकडच्या ज्या पिढीने डोळ्यांत तेल घालून वाचला, तिच्यात कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभू गावचा एक मुलगा होता: गोपाळ गणेश आगरकर. आगरकरांना स्वतःला वेडापायी तुरुंग घडला, हे मी म्हटले तर वाचक दचकतील. पण ते शब्दशः खरे आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून कारभारी माधवराव बर्वे आणि इंग्रज अधिकारी यांनी कोंडून ठेवले होते. त्यांचे हाल होतात असे 'केसरी' आणि 'मराठा' यांनी लिहिले. पुराव्याची पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांना १८८२ च्या जुलैत अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. महाराज मात्र सुटले नाहीत. १८८३ च्या २५ डिसेंबरला अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. या प्रकरणाचा धर्माशी संबंध नाही. परंतु एकदा 'वेडा' हा शिक्का बसला म्हणजे राजाचीही तक्रार तक्रार राहत नाही, एवढे त्यातून दिसते. माईंची कोठून राहणार?

असो. इंग्रजांनी आपल्याला दिलेल्या दंडविधानात एक गोष्ट मेकॉलेने चांगली केली. १८३७ च्या त्याच्या मसुद्यापासून १८६० च्या कायद्यापर्यंत देवाच्या निंदेचा गुन्हा कोठेच नाही. गुन्हा आहे तो माणसांच्या धर्मभावना हेतुपूर्वक दुखावण्याचा. देवाचा कैवार घेऊन सरकार कोर्टात उभे राहत नाही. याच कायद्याच्या ८४ व्या कलमाने सांगितले की, चित्तभ्रमामुळे आपण काय करतो, किंवा ते वाईट अथवा बेकायदा आहे, हे ज्याला कळू शकत नाही त्याचे कृत्य गुन्हा नव्हे. हे माप इंग्लंडातल्या १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यानंतर ठरले. १ जानेवारी १८६२ पासून हे दोन नियम साताऱ्याच्या कोर्टात एकाच पुस्तकात नांदू लागले. १९२७ साली, लाहोरच्या एका पुस्तिकेवरून माजलेल्या वादळानंतर, २९५-अ हे कलम आले. तेथेही 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' अशी अट आहे. १९५७ साली रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले, ते नेमक्या या अटीच्या आधारावर. अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने झालेला अवमान त्यात येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. पण हेतूची अट आहे आणि चित्तभ्रमाची सवलतही आहे.

कायद्याची मांडणी अशी चोख, पण गर्दीला हेतू दिसत नाही. तिला फुटलेली मूर्ती दिसते, फाटलेला ग्रंथ दिसतो. असे काही घडले की चार तासांत बातमी येते, 'कृत्य मनोरुग्णाचे असल्याचे समजते.' हा शब्द आग विझवण्याच्या बादलीसारखा वापरला जातो, आणि म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास उरलेला नाही. जो खरोखर आजारी आहे त्याला ढोंगी म्हणून मार बसतो. जो आजारी नाही तो एखादे वेळी त्या शब्दाच्या आडून निसटतो. डॉक्टरने तपासण्यापूर्वी हा शब्द उच्चारण्याचा अधिकार ठाण्यातल्या कोणालाही नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकातले वेड आणि कायद्यातले वेड यांत अंतर आहे ते निराळेच. १८०० साली लंडनच्या नाट्यगृहात जेम्स हॅडफील्ड या सैनिकाने राजावर पिस्तूल झाडले. आपण मेलो तर ख्रिस्ताचे पुनरागमन होईल, म्हणून फाशी ओढवून घेण्यासाठी. हे कायद्याविरुद्ध आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. तेच तर त्याला हवे होते. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. ८४ व्या कलमाची फूटपट्टी काटेकोर लावली, तर असला माणूस सुटणे कठीण.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. विठ्ठलाचे वेड आपण गौरवाने सांगतो. भ्रमिष्ट आणि अवलिया यांच्यामधली भिंत आपल्या समाजात कुडाची आहे. कोपऱ्यात बसून पुटपुटणाऱ्या गरिबाच्या पायावर एके दिवशी कोणी नारळ ठेवतो, दुसऱ्या दिवशी शेजारी दानपेटी येते. तिची किल्ली त्या गरिबाजवळ नसते.

हा धंदा साताऱ्याच्याच एका डॉक्टरच्या नजरेतून सुटला नाही. नरेंद्र दाभोलकर, जन्म १९४५. शिक्षण साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. बारा वर्षे डॉक्टरकी करून ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पडले. त्यांनी ज्या कायद्याचा ध्यास घेतला तो डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेत संमत होऊनही विधान परिषदेत अडकून राहिला. हा कायदा धर्मावर खटला भरील, वारी आणि पूजा बंद करील, अशी हाकाटी होती. मसुद्यात देव आणि धर्म यांच्याविरुद्ध एक शब्द नाही, असे ते गावोगाव सांगत फिरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा गोळ्या घालून खून झाला. सहाच दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. खुनाच्या खटल्यात मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची सुटका केली.

कायद्याचे नाव इतके लांब आहे की, लोक त्याला नुसते 'जादूटोणाविरोधी कायदा' म्हणतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्याची अनुसूची मी वाचावयास घेतली आणि पहिल्याच बाबीशी थबकलो. भूत उतरवण्याच्या मिषाने एखाद्याला दोराने अगर साखळीने बांधणे, काठीने, चाबकाने मारणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे. आमच्या आळीतल्या बायकांनी त्या अमावस्येनंतर कुजबुजत जे सांगितले होते ते येथे सरकारी मराठीत, ओळीने, छापलेले होते. पुढे, अमकी चेटकीण आहे, अमक्याने करणी केली, असे सांगून छळणे हाही गुन्हा. म्हणजे उत्तर पेशवाईत ज्याला सरकारी माणसे धरून नेत, तो आता फिर्यादी होऊ शकतो. आणि त्याला हुडकून देणारा आरोपी. मतिमंद माणसात अलौकिक शक्ती आहे असे भासवून त्याचा उपयोग लोकांना लुबाडण्यासाठी करणे, हेही त्यात आहे. दानपेटीच्या किल्लीचा शोध अखेर कायद्याने घेतला. आणि यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, घरची-देवळातली उपासना या गोष्टी कायद्याच्या बाहेर आहेत, हेही त्यातच स्पष्ट लिहून ठेवले आहे.

देवाच्या दारी दुःख घेऊन येणाऱ्या माणसाची थट्टा करण्याचे मला कारण नाही. वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे माणसे गेली; त्यांत दुखणे, लागीर, नवस घेऊन आलेले पुष्कळ असतील. त्यांना जवळपास मनाचा डॉक्टर कोठे होता? आमच्याकडे वेड्याचे इस्पितळ म्हटले की येरवडा, आणि येरवडा म्हटले की शिवी. १९१२ च्या जुन्या कायद्याने भटकत्या वेड्याला पकडण्याचे काम पोलिसाकडे दिले होते, आणि तो कायदा १९९३ पर्यंत चालू होता. पोलीस की देवऋषी, एवढीच निवड असेल तर घरचे लोक देवऋषीच निवडणार. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या अशाच एका ठिकाणी पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, २८ जण होरपळून मेले. त्यांना तेथे आणून सोडणारे त्यांच्याच रक्ताचे होते, आणि बरे व्हावेत म्हणूनच त्यांनी आणले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१७ साली, मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. तो २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याचे तिसरे कलम सांगते की, समाजात रूढ असलेल्या धर्मसमजुतींशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पुण्याच्या सनातन्यांनी ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली त्या आगरकरांना हे कलम वाचून मौज वाटली असती. पंच्याण्णवावे कलम सांगते की, रुग्णाला कोणत्याही रीतीने साखळदंड घालता येणार नाही. आणि ही मनाई डॉक्टरलाही आहे. तक्रार द्यावयास कोणालातरी ठाण्यापर्यंत चालत जावे लागते. ज्याला बांधले आहे तो जाऊ शकत नाही. ते काम घरच्यांचे, आणि बहुतेक वेळा मांत्रिकाकडे घेऊन गेलेलेही तेच असतात.